वर्ग एकोणीस

कास्त्रोच्या बाजारामागे, झेरॉक्सच्या दुकानात
माझं एक टेबल आहे. लोकांचे अर्ज भरतो:
पेन्शन, होडीचा परवाना, हरवलेलं ओळखपत्र.
ट्रेडमार्क आजवर कुणी मागितला नव्हता.

एदेल्मिरा चिग्वाय केउई बेटावरून आली.
फेरी उशिरा लागलेली, शालीला ओल्या लोकरीचा वास.
पिशवीत हात घालून, बटाट्यांच्या खालून
तिने काढलं सिप्रेसचं एक लाकडी कौल,
कोपरापर्यंत लांब,
खालची कड माशाच्या खवल्यासारखी गोल.
"हे माझं आहे. सरकारला कळव."

कारण पुएर्तो मॉन्तच्या गोदामात
सिमेंटची कौलं आलीत म्हणे,
वर लाकडाच्या रेषा छापलेल्या,
खोक्यावर लिहिलंय: अस्सल चिलोए.
"अस्सल," ती पुन्हा म्हणाली, आणि हसली नाही.

मी विचारलं, व्यवसाय कशाचा लिहू?
"पावसाला बाहेर ठेवायचा."
असा रकाना नाही.
रकाना आहे वर्ग एकोणीस:
धातूचं नसलेलं बांधकामसाहित्य.
वाळू, डांबर, चुना, फळ्या, थडग्याचे दगड.
ती थबकली. "म्हणजे रोहेलियोपण ह्यातच?"
त्याचा दगड, मी म्हटलं. तो नाही.

नाव काय द्यायचं?
"तेहुएला."
बाई, ते तर वस्तूचंच नाव. पाण्याला पाणी म्हणायचा
हक्क एकट्याला मिळत नाही.
"मग ही गोलाई लिही."

लिहिली. चार महिन्यांनी सांतियागोहून पत्र आलं:
सदर आकार अन्य कोणी वापरतात किंवा कसे, ते कळवावे.
मी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर बघत राहिलो,
म्हणजे तिला खोटं बोलायला जागा मिळावी.

पण ती मोजायलाच बसली.
"लेमुईचा ओनोफ्रे काढतो, त्याची गोलाई घाईची.
चेलिनच्या दोघी बहिणी. त्यांचा आंधळा मामा, तो बोटांनी काढायचा.
माझा सासरा. त्याला शिकवलं एका जहाजाच्या सुताराने,
आणि त्याला, दारू उतरली नसली की तो सांगायचा,
एका माशाने."
हातांची बोटं संपली तशी
तिने पिशवीतले बटाटे काढून टेबलावर मांडले,
एकेका माणसाला एकेक.
माझ्या शिक्क्यांना जागा उरली नाही.

मग त्या पसाऱ्याकडे बघून म्हणाली,
"एवढ्यांच्या हातातून काढून माझ्या नावावर?
खोड तो शब्द. मी काय सिमेंटवाली आहे?"

कौल परत गुंडाळताना मला दिसली
डाव्या कडेला एक खाच. नखाएवढी, तिरकी.
हे काय?
"ते होय. कुऱ्हाडीच्या धारेला दाता पडलाय.
रोहेलियोने गंजका खिळा न बघता घाव घातला होता,
तेव्हापासून दर कौलावर उमटतो.
मरेस्तोवर सांगत होते त्याला, घासून आण, घासून आण."

मी नवा अर्ज काढला.
चिन्हाचं वर्णन: एक तिरकी खाच, डावीकडे.
अर्थ: काही नाही.
गॅझेटात छापून आलं, तीस दिवस गेले,
जगात कुणीच म्हणालं नाही की ती चूक त्याची आहे.

प्रमाणपत्र दहा वर्षांसाठी आहे.
ती सही करायला आली, कागद उलटा करून पाठ पाहिली,
जशी लाकडाची पाहतात,
आणि पोटाशी धरून फेरीकडे गेली.

काल तिचा बेलार्मिनो आला. कुऱ्हाडीला धार लावायचीय,
पातं आता लाकूड चावतं, कापत नाही.
"आईला विचारलं तर म्हणते, सांतियागोला विचार."
पत्र लिहायला घेतलंय. *मान्यवर महोदय* ह्याच्या पुढे
अजून सरकलेलं नाही.

आणि हो, त्या दिवशीचा एक बटाटा
टेबलाखाली राहून गेला होता.
त्याला मोड आलेत.
तो कोण होता, ओनोफ्रे की आंधळा मामा,
मला काही केल्या आठवत नाही.